पाच लिटरचा कॅन की साठ मिलीची बाटली?

नाशिकच्या तुमच्या आकाशनिरीक्षण गटाचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोळा जण. प्रत्येकाकडे एखादी दुर्बीण किंवा बायनॉक्युलर, कुणाकडे दोन्ही, आणि आयपीसची (दुर्बिणीच्या डोळ्याकडच्या टोकाला बसणाऱ्या छोट्या भिंगांची) पिलावळ वेगळी. भिंगं पुसायचं खास द्रव कॅमेऱ्याच्या दुकानात ६० मिलीला ६५० रुपयांना पडतं. मुंबईच्या प्रिन्सेस स्ट्रीटवरचा एक घाऊक विक्रेता 'ऑप्टिकल ग्रेड' म्हणून पाच लिटरचा कॅन ९,००० रुपयांना द्यायला तयार आहे. वर्गणी काढून कॅन आणावा आणि वाटून घ्यावा, की ज्याने त्याने दुकानातून बाटली घ्यावी? जाता जाता तुम्ही हेही विचारलंय की एकाच्या जुन्या बायनॉक्युलरमध्ये आतून जाळं धरल्यासारखं दिसतंय, ते या द्रवाने जाईल का.

मी बावीस वर्षं सूक्ष्मदर्शक दुरुस्त करते. पुणे, सातारा, सांगली, कोल्हापूर इकडची महाविद्यालयं आणि पॅथॉलॉजी लॅब ही माझी रोजची गिऱ्हाइकं. दुर्बिणी हा रविवारचा उद्योग. त्यामुळे खाली लिहिलेलं बरंचसं भिंगांच्या बाबतीत सगळीकडे लागू पडेल, पण तुमच्या गटात कोण किती काळजीने वागतं, बाटल्या कुठे ठेवल्या जातात, यावर काही गोष्टी फिरतील. तिथे तिथे तसं सांगते.

आधी हिशेब. तुम्ही तो मिलीलिटरवर मांडलाय आणि घोळ तिथेच आहे. दुकानातलं द्रव मिलीला जवळजवळ ११ रुपये, कॅनमधलं १ रुपया ८० पैसे. सहापट फरक दिसला की कुणीही वर्गणीला हात वर करेल. पण एका माणसाला वर्षाला द्रव लागतं किती? ८० मिलिमीटरच्या वस्तुभिंगाला, म्हणजे दुर्बिणीच्या पुढच्या मोठ्या भिंगाला, मला दोन मिली पुरतं. बायनॉक्युलरच्या चारही बाहेरच्या भिंगांना मिळून तेवढंच. एका आयपीसला फार तर अर्धा मिली. एक दुर्बीण, एक बायनॉक्युलर, चार आयपीस, वर्षातून दोनदा, सांडलवंड धरून: पंधरा मिली. म्हणजे दुकानातली ती 'महागडी' बाटली एकाला चार वर्षं जाते.

आता कॅन. नऊ हजाराला सोळाने भागा, माणशी ५६२ रुपये ५० पैसे. बाटली ६५० ची. वाचले साडेसत्त्याऐंशी रुपये, तेही चार वर्षांत. त्यातून वाटणीसाठी प्रत्येकाला बरी, घट्ट झाकणाची रिकामी बाटली घ्यावी लागेल, चाळीस रुपये धरा. उरले साडेसत्तेचाळीस. मुंबईहून नाशिकला आणायचा खर्च मी अजून लावलेलाच नाही. आणि हातात काय येतं, तर ३१२ मिली द्रव, वीस वर्षांचा साठा. तेवढी वर्षं ते चांगलं राहत नाही. कॅनमधलं द्रव म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल, ज्याला आपण सगळे आयपीए म्हणतो; ते हवेतली ओल ओढून घेतं. बाटली उघडझाप होत राहिली की त्यातलं पाणी वाढत जातं. वर्षानुवर्षं अर्धी पडलेल्या बाटलीत पेरॉक्साइडंही तयार होऊ शकतात.

तेव्हा स्वस्त-महाग हा मुद्दा बाजूला ठेवू. खरा प्रश्न वाटणीचा आहे. सीलबंद बाटलीतलं द्रव स्वच्छ असतं, ते सील तोडून सोळा ठिकाणी ओतल्यावर तितकंच स्वच्छ राहील का, हा. माझ्या अनुभवात राहत नाही. आणि हा अनुभव मी स्वतः पैसे भरून घेतलाय.

२०१३ च्या ऑक्टोबरातली गोष्ट. आयसॉन धूमकेतू येणार म्हणून आमच्या गटात लग्नघर असल्यासारखी धावपळ होती. पाच लिटर आयपीए आणलं, चांगल्या प्रतीचं, बिलासकट. एका सभासदाच्या गच्चीवर रविवारी सकाळी वाटप झालं. कुणी खोकल्याच्या औषधाची बाटली आणली होती, कुणी अत्तराची, कुणी पाण्याची, दोघांनी रबरी फुग्याच्या ड्रॉपरवाल्या काचेच्या बाटल्या आणल्या होत्या आणि त्यांचा रुबाब सगळ्यात जास्त होता. तीन आठवड्यांनी तक्रारी सुरू झाल्या. पुसल्यावर भिंगावर इंद्रधनुष्यी कडी उमटतात, पुन्हा पुसलं की कडं सरकतं, जात नाही. सगळ्यांनी विक्रेत्याला शिव्या घातल्या. मीही घातल्या.

मग मी कॅनच्या तळाशी उरलेलं अर्धा लिटर घरी आणलं आणि सूक्ष्मदर्शकाच्या कोऱ्या काचपट्ट्या घेऊन बसले. कॅनमधला एक थेंब एका पट्टीवर, मग प्रत्येकाच्या बाटलीतला एकेक थेंब एकेका पट्टीवर. पंखा बंद, पंधरा मिनिटं थांबायचं. नंतर अंधारात टॉर्च आडवा धरून पाहिलं. कॅनच्या थेंबाची जागा शोधूनही सापडेना. बाकीच्या झाडून सगळ्या पट्ट्यांवर कडं होतं, कुठे बारीक, कुठे चांगलं ठळक. सगळ्यांना समान असं एकच होतं: नरसाळं. गच्चीच्या मालकांच्या स्वयंपाकघरातलं, प्लॅस्टिकचं, खोबरेल तेल भरायचं. "साबणाने धुतलं होतं हो," असं काकू अजून सांगतात. धुतलंही असेल. पण आयपीए चरबी आणि तेल विरघळवतं म्हणूनच तर आपण ते वापरतो. नरसाळ्याच्या खरवडलेल्या प्लॅस्टिकमध्ये मुरलेलं तेल त्याने इमानेइतबारे धुऊन काढलं आणि सोळा बाटल्यांत पोचवलं. सगळ्यात वाईट पट्ट्या निघाल्या त्या दोन रुबाबदार ड्रॉपरच्या. त्यांच्यात तेलाखेरीज रबराचा अंशही उतरला होता. फुगा आडवा पडून महिनाभर अल्कोहोलमध्ये भिजत होता ना. धूमकेतू २८ नोव्हेंबरला सूर्याला वळसा घालताना विरून गेला, आमची कडी मात्र पुढच्या उन्हाळ्यापर्यंत पुसत होतो.

हे एवढं लांबण लावून सांगितलं कारण कॅन आणणारा प्रत्येक गट विक्रेत्याच्या प्रतीचीच चौकशी करतो, नरसाळ्याची कुणी करत नाही.

आता त्या 'खास' द्रवात असतं तरी काय, ते पाहू, म्हणजे कशाचे पैसे देतोय ते कळेल. बहुतेक बाटल्यांत आयपीए, शुद्ध पाणी आणि नावापुरता साबणासारखा पदार्थ असतो; काहींत अल्कोहोल अजिबात नसतं. बोटाच्या ठशात चरबी असते आणि घामाचं मीठही असतं. चरबी अल्कोहोलने सुटते, मीठ पाण्याने. निव्वळ ९९ टक्के आयपीए घेतलंत तर ते चरबी काढतं आणि इतक्या झटकन उडतं की मिठाचा डाग जागच्या जागी राहतो. म्हणून मिश्रण. मी स्वतः दोन टप्प्यांत करते: आधी पाण्याचा हात, मग आयपीएचा. पाणी कुठून? पेट्रोल पंपावरचं बॅटरीचं पाणी सगळे सुचवतात, मी त्यावर विसंबत नाही, कधी चांगलं निघतं कधी नाही. औषधाच्या दुकानात इंजेक्शनसाठीच्या पाण्याची पाच-दहा मिलीची छोटी अँप्यूल मिळते. काही रुपयांची वस्तू. एक फोडायची, वापरायची, उरलेलं कुंडीत. इतकं स्वच्छ पाणी इतक्या सोयीच्या मापात दुसरीकडे कुठे मिळत नाही.

भिंगावरचा परावर्तनरोधक थर नाजूक असतो हे खरं. साध्या मॅग्नेशियम फ्लोराइडचा थर सुमारे १०० नॅनोमीटर जाडीचा, म्हणजे आपल्या केसाहून काहीशे पटींनी पातळ. उघड्या काचेच्या एका पृष्ठावरून ४ टक्के प्रकाश परततो, या थराने तो दीड टक्क्याच्या आसपास येतो. पण हा थर आयपीएने विरघळत नाही, मग ते साठ मिलीच्या बाटलीतलं असो की कॅनमधलं. तो जातो धूळ न झटकता पुसल्याने. ब्लोअर (हाताने दाबून हवा मारायचा रबरी फुगा) न मारता ओला कापूस फिरवला की धुळीचे कण सँडपेपरचं काम करतात. द्रवाच्या किमतीशी ओरखड्याचा संबंध नाही. द्रवाचा दोष असेल तर तो डागाच्या रूपात दिसतो, कारण उडून गेल्यावर मागे काहीतरी राहतं.

म्हणून विकत घेताना एकच गोष्ट विचारायची: बाष्पीभवनानंतर किती अंश उरतो. 'ऑप्टिकल ग्रेड' हे दोन शब्द कॅनवर कुणीही छापू शकतो. रसायनांच्या बाजारात एलआर, एआर आणि एचपीएलसी अशा प्रती चालतात. एलआर म्हणजे शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेचा साधा माल, एआर त्याहून शुद्ध, एचपीएलसी सगळ्यात वर. एआरच्या बाटलीवर अशुद्धींचा तक्ता छापलेला असतो आणि त्यात उरणाऱ्या अंशाची कमाल मर्यादा टक्क्याच्या हजाराव्या भागात लिहिलेली दिसते. तुमच्या कॅनवाल्याकडे असा तक्ता मागा. बॅच नंबरासकट आला तर बोलणी पुढे न्या. "मॅडम, सगळे हेच नेतात" असं उत्तर आलं तर तो रंगाच्या दुकानांना जाणारा माल समजा. आयपीए दुर्मीळ वस्तू नाही, आपल्या तळोज्यातच दीपक फर्टिलायझर्स ते बनवते. साबणापासून औषधांपर्यंत आणि छापखान्यांपर्यंत ते कुठे कुठे जातं, आणि प्रत्येक ठिकाणी त्याची हाताळणी निराळी असते. मधल्या हातांत ते कुठल्या पिंपातून आलं, यावर सगळं अवलंबून.

तुमच्या गटात कुणाकडे तरी करोनाच्या दिवसातला सॅनिटायझरचा कॅन पडून असेलच. तो भिंगाला लावू नका, त्यातही अल्कोहोलच आहे म्हणून. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात हात कोरडे पडू नयेत म्हणून १.४५ टक्के ग्लिसरॉल घालतात. हातासाठी उत्तम. २१ डिसेंबर २०२० ला गुरू आणि शनी एकमेकांना चिकटून दिसत होते तेव्हा आमच्यातल्या एकाने त्या संध्याकाळी आयपीस सॅनिटायझरने पुसून आणला. त्याच्या गुरूला शनीपेक्षा मोठं कडं होतं.

आता छोट्या दुकानदाराबद्दल. ६५० रुपयांत तो लुटतोय असं तुमच्या लिहिण्यात आहे. थोडं त्याच्या बाजूने बघा. अल्कोहोलचं द्रव ज्वालाग्राही, विमानाने जाणाऱ्या टपालात आणि साध्या कुरिअरमध्ये ते चालत नाही, त्यामुळे बाहेरून आणायचं तर जहाजाने किंवा रस्त्याने, म्हणजे उशिरा. त्याने वीस बाटल्या मागवल्या की त्या विकायला त्याला वर्ष लागतं. तेवढं भांडवल अडकतं. त्यातल्या दोन गळतात. तुम्ही पैसे देता ते त्या साठ मिली द्रवाचे कमी आणि कारखान्यात भरून सील केलेल्या छोट्या बाटलीचे जास्त. वर दाखवलं तसं, तेच तर तुम्हाला हवं आहे.

पण सगळे दुकानदार सारखे नसतात, हेही तितकंच खरं. काही जण निळं द्रव स्प्रेच्या बाटलीत स्वतःच भरून विकतात. बाटली उलटीपालटी करून बघायची: बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष, निव्वळ प्रमाण, कमाल किंमत. वेष्टनबंद वस्तूंच्या २०११ च्या वजनमाप नियमांनी हे छापणं बंधनकारक आहे. यातलं काही नसेल तर ती बाटली म्हणजे लहान मापातला तुमचा तोच कॅन, नरसाळ्यासकट आणि अकरा रुपये मिलीने. चष्म्याच्या दुकानात फुकट मिळणारा स्प्रेही मी आयपीसला लावत नाही. चष्म्याला धुकं धरू नये म्हणून काहींत जे घातलेलं असतं ते काचेवर राहण्यासाठीच असतं.

मग सामुदायिक खरेदी करूच नका असं म्हणतेय का? नाही. कोरड्या वस्तू खुशाल एकत्र आणा. भिंगाचे कागद, शोषक कापसाची मोठी गुंडाळी, ब्लोअर, आणि सिलिका जेल तर नक्कीच. सिलिका जेलचं पाच किलोचं पोतं आणून वाटलं तर कुणाचं काही बिघडत नाही, ओलं झालं तर तव्यावर परतून पुन्हा वापरता येतं. त्यात जो फायदा आहे तो द्रवात नाही.

द्रवाच्या बाबतीत आम्ही २०१३ नंतर वेगळा मार्ग धरला आणि तो दहा वर्षांहून जास्त चाललाय. द्रव सभासदांच्या घरी पाठवत नाही, सभासद आपली भिंगं घेऊन द्रवाकडे येतात. पाऊस सरला की कोजागिरी आणि दिवाळीच्या मधला एक रविवार ठरवतो. गट एआर प्रतीची ५०० मिलीची सीलबंद काचेची एक बाटली घेतो. ती त्या सकाळी सगळ्यांसमोर उघडायची. धुऊन, वाळवून, आधी आयपीएनेच विसळून घेतलेल्या दोन छोट्या काचेच्या वाट्यांत थोडं थोडं ओतायचं, वाटीतलं उरलेलं परत बाटलीत कधीही टाकायचं नाही. नरसाळं नाही, ड्रॉपर नाही, वाटप नाही. पहिली पट्टी थेंबाच्या परीक्षेची, ती पास झाल्याशिवाय कुणी भिंग काढायचं नाही. सोळा जणांचं काम सव्वाशे-दीडशे मिलीत होतं. उरलेलं माझ्याकडे सूक्ष्मदर्शकांना जातं. तुमच्यात कुणी इलेक्ट्रॉनिक्सवाला असेल तर त्याला सर्किट बोर्ड पुसायला द्या, तो खूश होईल.

या दिवसाचा एक फायदा आम्हाला आधी सुचला नव्हता. अकरा जणांना भिंग पुसता येत नव्हतं हे पहिल्याच वर्षी कळलं. द्रव सरळ भिंगावर ओतायचे. ते काठाने आत झिरपतं, आणि जुन्या भिंगांत दोन काचा कॅनडा बाल्सम नावाच्या डिंकाने चिकटवलेल्या असतात, त्याला अल्कोहोल आणि अ‍ॅसिटोन दोन्ही मानवत नाहीत. पॅथॉलॉजी लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाच्या, तेलाचा थेंब लावून वापरायच्या १०० एक्सच्या भिंगावरचं तेल काढायला झायलीन नावाचा द्रावक सढळ हाताने वापरतात, त्यांच्या भिंगांची डिंक सुटलेली कड मी महिन्याला एखादी तरी बघते. कापूस ओला करायचा, झटकायचा, मध्यापासून कडेकडे गोल फिरवायचा, दाब कापसाच्या वजनाएवढाच. एक फेरी झाली की तो कापूस फेकायचा. कापसाच्या बाबतीत कंजूषपणा करणारा माणूस सहाशे रुपयांचं द्रव वापरूनही ओरखडे पाडतो.

अ‍ॅसिटोन त्या दिवशी टेबलावर ठेवूच नका. कुणीतरी म्हणेलच की ते जास्त चांगलं साफ करतं. करतं, पण शोधदुर्बिणीची (मोठ्या दुर्बिणीवर बसवलेल्या छोट्या दुर्बिणीची) भिंगं प्लॅस्टिकची असतील तर ती एका फेरीत दुधाळ होतात, आणि भिंगाच्या कडेचा काळा रंगही निघतो. सूर्य पाहायच्या फिल्टरच्या फिल्मला तर कुठलंच द्रव नाही, फक्त हलका ब्लोअर. न्यूटोनियन दुर्बिणीच्या आरशालाही या द्रवाची गरज नाही. अ‍ॅल्युमिनियमचा तो थर दोन-तीन वर्षांतून एकदा नळाखाली धुऊन, सौम्य साबणाच्या पाण्यात बुडवून, शेवटी शुद्ध पाण्याने विसळून उभा वाळवायचा. थोडीशी धूळ असलेला आरसा घासलेल्या आरशापेक्षा नक्कीच चांगला.

एका प्रकारच्या द्रवासाठी मात्र मी एकत्र खरेदीच सांगेन. सोलून काढायचं पॉलिमर द्रव येतं, ते भिंगावर किंवा आरशावर पसरून वाळू द्यायचं आणि साय काढावी तशी फिल्म उचलायची; धूळ तिला चिकटून निघून येते. ते खरोखर महाग असतं, बाहेरून मागवावं लागतं, सीमाशुल्क आणि कुरिअरवाल्याची सोडवणूक वेगळी. आणि बाटली उघडली की त्यातला द्रावक उडून ते घट्ट होत जातं, म्हणून एकट्याने घेतलं तर तीन चतुर्थांश वाया जातं. सोळा जणांत मोठ्या भिंगाच्या तीन-चार दुर्बिणी असतील तर त्यांनी मिळून एक छोटी बाटली मागवावी आणि त्या रविवारी संपवावी. मात्र कुठल्या थरावर ते चालतं हे बाटलीवरच्या सूचनेत आधी वाचा आणि पहिला प्रयोग जुन्या भिंगावर करा. कडेला पकडायला शेपूट ठेवायला विसरलात तर फिल्म निघता निघत नाही, हे मी माझ्या स्वतःच्या भिंगावर शिकले.

आता तुमच्या पत्रातलं एक वाक्य वाचून मी दचकले: "कॅन पंचवटी एक्सप्रेसने आणता येईल, आमच्यातले दोघे रोज अप-डाऊन करतात." अजिबात नको. आयपीएचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ठिणगीने वाफ पेटू शकते ते किमान तापमान, सुमारे १२ अंश सेल्सिअस आहे. म्हणजे नाशिकच्या थंडीतल्या पहाटांचा अपवाद सोडला तर त्याची वाफ बाराही महिने ठिणगीची वाट बघत असते. गच्च भरलेल्या डब्यात पाच लिटर, सीटखाली. रेल्वे कायदा, १९८९ च्या १६४ व्या कलमात धोकादायक माल नेण्याला तीन वर्षांपर्यंत कैद आहे, पण कायदा बाजूला ठेवला तरी त्या डब्यातल्या लोकांचा विचार करा. बसच्या पार्सलचंही तेच. नाशिकमध्येच कॉलेजांना माल पुरवणारे प्रयोगशाळा-साहित्याचे विक्रेते आहेत, ५०० मिलीची बाटली त्यांच्याकडून घ्या. रस्त्याने माल कसा आणायचा ते त्यांना ठाऊक असतं, आणि बिल मिळतं.

घरी ठेवण्याचंही तसंच. वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत पसरते. बहुतेकांच्या घरी अशा बाटल्या देवघराखालच्या कपाटात जातात, कारण तिथे जागा असते, आणि वर समई तेवत असते. तीनशे मिलीच्या सोळा बाटल्या सोळा घरांत ठेवण्यापेक्षा एका ठिकाणी एक बाटली बरी, हे त्या रविवारच्या बाजूने आणखी एक कारण.

वर्षभरात मध्येच एखाद्या आयपीसला बोट लागलं तर? त्यासाठी ज्याने त्याने ती छोटी बाटली घ्यावी, किंवा दोघा-तिघा शेजाऱ्यांत एक. दुकानदाराकडून, सील पाहून. तो दुकानदार जगायला हवा, कारण जानेवारीत रात्री आठ वाजता तुमच्या ग्रहण-सहलीच्या आदल्या दिवशी ब्लोअर फाटला तर प्रिन्सेस स्ट्रीटचा घाऊकवाला उपयोगाला येणार नाही. तुमचा गट मोठा झाला, एखाद्या शाळेची किंवा कॉलेजची वेधशाळा सांभाळायला मिळाली, आठवड्याला पन्नास मुलांचे डोळे आयपीसला लागायला लागले, तर हिशेब बदलेल. तेव्हाही मी पाच लिटरऐवजी ५०० मिलीच्या सहा सीलबंद बाटल्यांचं खोकं घेईन.

कॅनवाल्याला आगाऊ रक्कम दिली नसेल तर देऊ नका. दिली असेल तर कॅन नेऊन बसण्यापेक्षा त्याच पैशांत एआरच्या बाटल्या बदलून मागा, घाऊकवाले बहुधा ऐकतात.

राहिलं ते जाळं. ती बुरशी आहे, आणि भिंगाच्या आत आहे, त्यामुळे बाहेरून कुठलंही द्रव तिथे पोचणार नाही. स्वतः उघडू नका, बायनॉक्युलरचे प्रिझम जरा हलले की दोन्ही डोळ्यांची चित्रं जुळत नाहीत आणि ते जुळवायला पुसण्यापेक्षा जास्त वेळ लागतो. तुमच्या या सभासदाला म्हणावं, ते बायनॉक्युलर आजच बाकीच्यांच्या पेटीतून वेगळं काढा, सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात ठेवा आणि पावसाळ्याआधी दुरुस्तीला पाठवा. जाळं वस्तुभिंगाच्या मागच्या बाजूला असेल तर बहुतेक वेळा निघतं. दोन चिकटवलेल्या काचांच्या मध्ये शिरलं असेल, किंवा बुरशीच्या आम्लाने थर खाल्ला असेल, तर पुसल्यावरही तिची नक्षी काचेवर राहते. टॉर्च समोरून टाकून एक फोटो काढा आणि पाठवा, म्हणजे यातलं कुठलं ते सांगता येईल.